रक्ताला थंड पाणी

धुणं आणि किस्से यांचा स्वभाव एकच. आजचे उद्यावर टाकले की साचतात, आणि साचले की कोणता कोणाचा हे ओळखू येत नाही. परवा एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "अगं, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग पडलाय, कशानं जाईल?" उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. मी तिला संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं!

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हाच्या या गोष्टी. धुळ्यात पांझरा नदीच्या अलीकडे एक धर्मादाय प्रसूतिगृह होतं. त्याच्या पाठीमागे परिचारिकांच्या खोल्यांची रांग, रांगेपुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि निंबाखाली धुण्याचा काळा दगड. माझी थोरली बहीण, ताई, तिथे परिचारिका होती. मी एका शाळेत संस्कृत शिकवायची आणि तिच्या खोलीत राहायची.

परिचारिकांची पांढरी पातळं धोब्याकडे जात नसत. धोबी भट्टी लावतो, आणि भट्टीत रक्ताचा डाग जन्माचा पक्का होतो. म्हणून जिचं पातळ तिनं धुवायचं, निंबापासून भिंतीपर्यंत ताणलेल्या तारेवर घालायचं. दुपारी शाळेतून यावं तर ती पातळं वाऱ्यानं फुगलेली असायची. दारातून पाहताना वाटे, हे अंगण म्हणजे एक गलबत आहे आणि आपण क्षणभर उशिरा आलो असतो तर ते आपल्याला न घेताच निघून गेलं असतं.

संस्कृतात डागाला कलंक आहे, लांछन आहे, चंद्रावरच्या डागाला अंक आहे. त्यातला एकही शब्द धुता येण्यासारखा नाही! त्या दगडावर मात्र ठिपका वेगळा, शिंतोडा वेगळा, ओघळ वेगळा. आणि 'रक्त' हा शब्द तर कोणी उच्चारतच नसे. "आज माझ्यावर लाल आलंय गं," एवढंच म्हणायचं, आणि बादली घेऊन बसायचं. प्रथम ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई कुठून तरी गुलाल खेळून आली आहे.

*

या राज्याच्या स्वामिनी होत्या अक्का. पारोळ्याच्या, वयानं पोक्त, देहानं कृश, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. प्रसूतिगृहात त्या सर्व परिचारिकांच्या प्रमुख होत्या आणि दगडावर त्याहूनही. बोलणं एरवी शुद्ध, पुस्तकी. पण राग किंवा माया अनावर झाली की अहिराणीवर उतरत.

त्या वर्षी पिंपळनेरकडून कमल नावाची मुलगी नव्यानं लागली. काळीसावळी, अबोल, मोठ्या डोळ्यांची. हात इतके हलके की रडणारं मूल तिनं उचललं की रडणं अर्धवट सोडून द्यायचं. पण ती अजून उमेदवारीवर होती. वडिलांनी बजावूनच पाठवलं होतं: "कायम झालीस तर नोकरी कर. नाही तर यायचं आणि आम्ही पाहिलेल्या मुलाला माळ घालायची." मुलगा पाहून ठेवलेलाच होता. कमलनंही त्याला पाहिलं होतं, आणि म्हणूनच ती जीव तोडून काम करत होती!

पहिल्याच दिवशी अक्कांनी तिला दगडापाशी बसवलं.

"कमल, रक्ताला कोणतं पाणी?"

"थंड, अक्का."

"का?"

उत्तर अक्कांनीच दिलं, "रक्त अंगातून ऊन निघतं. त्याला पुन्हा ऊन पाणी दाखवलंस तर ते समजतं, आपलं घर आलं. मग बसतं मांडी घालून. थंड पाणी दाखवलं की त्याला कळतं, आपण आता परक्या ठिकाणी आहोत. मग निघतं बिचारं!"

मी खोलीत कालिदास वाचत होते. पुस्तक मिटलं.

आणि त्या रांगेत एक रीत होती. ज्या पातळात नवी मुलगी पहिलं बाळंतपण एकटीनं करील, ते पातळ तिनं स्वतः धुवायचं, येणाऱ्या रविवारी तारेवर उलगडून घालायचं आणि अक्कांनी ते वाचायचं. हो, 'वाचायचं' हाच त्यांचा शब्द! या काठापासून त्या काठापर्यंत, चष्मा लावून. "बठ्ठं धवळं जोयजे!" सगळं पांढरंशुभ्र हवं. जिचं निघालं, तिच्यासाठी अक्का व्यवस्थापकांपाशी शब्द टाकत आणि ती कायम होई. "जिला स्वतःच्या पदराचं लाल काढता येत नाही, तिच्या हातात मी दुसऱ्याची लेक कशी देऊ?" यावर कोणी वाद घालत नसे.

*

आमच्या रांगेतली परिचारिका शशिकला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. बोलणं एक्स्प्रेस, मध्ये स्टेशन नाही. तिला पाहायला मुलगा आला तो याच अंगणात, कारण तिला रजा मिळाली नव्हती. मुलगाही रेल्वेतलाच. वैशाखातली दुपार, आणि त्यानं रुबाबासाठी घातलेला टेरिलीनचा पांढरा शर्ट.

खानदेशचं ऊन कोणाचा रुबाब ठेवत नाही. शशी पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून आली, आणि त्याच क्षणी मुलाचा घोळणा फुटला! नाकातून धार, ती थेट शर्टावर. मुलाची आई किंचाळली. मुलाचे वडील उठून उभे राहिले.

शशीनं बशी खाली ठेवली आणि वधूनं वराशी बोलायचं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं:

"शर्ट काढा!"

"अगं शशे, आधी नाक!" अक्का ओरडल्या. "शर्ट नंतर!"

पण मुलानं तोवर मुकाट्यानं शर्ट काढून तिच्या हातात दिला होता. कमलनं त्याच्या डोक्यावर ओली घडी ठेवली, नाक चिमटीत धरायला लावलं. शशी दगडापाशी बसून शर्टावर थंड पाण्याची धार धरून. पुढचा सगळा कार्यक्रम नवरदेवानं बनियनवर, चिमटीत नाक धरून पार पाडला.

निघताना मुलाची आई कुरकुरली, "मुलीला काही विचारायचं राहूनच गेलं."

वडील म्हणाले, "आता काय विचारायचंय? याला इतक्या पटकन कोणाचं ऐकताना मी आजवर पाहिलेलं नाही!"

लग्न ठरलं. शर्ट शशीनं ठेवून घेतला, वाळला नव्हता म्हणून.

*

बाजारपेठेत एक मारवाडी शेठजी होते, कापडाचे व्यापारी. गिऱ्हाइकापुढे लग्नाचा शालू उलगडताना त्यांच्या बोटाला टाचणी लागली आणि जरीच्या बुट्टीशेजारी एक ठिपका पडला. शालू ओला करायची सोय नाही. पाणी लागलं की जर काळी पडते. त्यांच्या सुनेचं बाळंतपण अक्कांच्याच हातचं, त्यामुळे शालू अक्कांकडे आला.

अक्कांनी विचारलं, "रक्त कोणाचं?"

नोकर म्हणाला, "शेठजींचं."

"मग शेठजींनाच पाठवा."

कारण एवढ्याशा ठिपक्यावर आमच्या दगडाचा एकच उपाय होता: ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. दुसऱ्याची चालत नाही, असं अक्का ठामपणे सांगत. शास्त्र मला ठाऊक नाही. अनुभव मात्र असाच.

शेठजी आले. पगडी, उपरणं, कानात अत्तराचा फाया. प्रकार ऐकला आणि बिचारे लाल झाले.

"अक्का, माझ्याच मालावर मी थुंकू?"

"का बरं? दुसऱ्या दुकानाच्या मालावर आयुष्यभर थुंकलात, तेव्हा नाही आलात ते विचारायला!"

सर्वांत मोठ्यानं हसले ते शेठजीच. पण पंचाईत निराळी झाली. भोवती एवढ्या बायका, हातात देखणा शालू. त्यांच्या तोंडाला कोरड पडली. काही केल्या थुंकी येईना! कमलनं पाणी देऊ केलं. "पाणी नको, पातळ होईल," अक्का म्हणाल्या. सगळ्या चिंतातुर.

शेवटी शशी उठली, खोलीतून मीठ लावलेली चिंच घेऊन आली, शेठजींच्या अगदी समोर मांडी घालून बसली आणि एकेक बुटुक सावकाश चाटू लागली.

शालू वाचला!

*

यावल भागातला एक माणूस बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला आला. बायकोचं माहेर इथलं. त्याच्या सदऱ्यावर छातीपासून घेरापर्यंत तपकिरी-काळे डाग. कमल पिंपळनेरची, तिनं केळी खाल्ली होती, केळीची बाग पाहिली नव्हती. तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, किती लागलंय हो तुम्हाला!"

"मले? नाही बा."

"लपवू नका. सदरा द्या इकडे."

बायको आत कण्हत होती, दारात ही मुलगी हात पुढे करून उभी. तो भला माणूस. प्रसूतिगृहात नर्सबाईचं ऐकावं म्हणून त्यानं सदरा काढून दिला. कमलनं तो मिठाच्या थंड पाण्यात भिजवला, चोळला, पुन्हा भिजवला. डाग जागचा हलेना. ती रडकुंडीला आली. आपली पाळी येऊन अक्का पातळ वाचतील तेव्हा असंच झालं तर, हे तिच्या मनात असणार. ते तिच्या चोळण्यातच दिसत होतं.

त्यानं उघड्या अंगानं ओट्यावर बसून बराच वेळ हे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाई, तो केयीचा चीक आहे."

"म्हणजे?"

"रगत निंघते, बाई. केयीचा चीक नाही निंघत. आमच्याकडे माणूस जाते, पन त्याच्या सदऱ्यावरचा चीक राहते."

कमलनं सदरा पाण्यातून वर काढला. तो समजुतीच्या सुरात पुढे म्हणाला, "पन मळ मस्त निंघाला हो! लग्नानंतर पहिल्यांदाच."

*

कमलचं पहिलं बाळंतपण सुगीच्या थंडीत आलं, ऐन पहाटे. डॉक्टरीणबाई नाशिकला, अक्का तापानं अंथरुणावर, ताई आणि शशी दुसऱ्या दोघींपाशी गुंतलेल्या. साक्रीकडची सखूबाई नावाची शेतकरीण बैलगाडीतून उतरली ती कमलच्या खांद्यावर भार टाकूनच. मूल अडलं होतं. आतून सखूबाईचा आवाज येत होता आणि त्याच्या खालून, न थांबणारा, कमलचा हलका आवाज: "आलं हं, माय. आलं."

आलं. मुलगा. आईही सुखरूप. कमल बाहेर आली तेव्हा तिच्या पातळावर पदरापासून निऱ्यांपर्यंत लाल होतं, आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला शब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडले नाही. बालसूर्य निंबाआडून वर येत होता. ती त्याच्याकडे असं पाहत होती, जणू तोही तिनंच काढला!

तिनं बाळाला न्हाऊ घातलं. उरलेलं पाणी कोमट होतं, त्यावर तेलाचा किंचित तवंग. ते मोरीत ओतून द्यायला तिचा जीव होईना. अर्धवट झोपेत, अर्धवट आनंदात तिनं पातळ बदललं आणि ते लाल झालेलं त्या कोमट पाण्यात भिजत घातलं.

दुपारी उठून पाहते तो पाणी स्वच्छ होतं. लाल होतं ते पातळावरच, तांबूस तपकिरी होऊन, मांडी घालून बसलेलं.

"कोणतं पाणी घेतलंस?" ताईनं विचारलं.

कमलनं सांगितलं. थंड पाण्याचा धडा तिनंच आता साफसफाईच्या नव्या आयांना शिकवायला घेतला होता.

*

रविवारला अजून अवकाश होता, अक्का तापात होत्या, आणि साऱ्या रांगेनं ते पातळ आपलं मानलं. कमल कायम झाली नाही तर पिंपळनेरची गाडी धरणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

ताईनं मीठ चोळून घातलं. शेजारच्या एकीनं तांदळाची पेज घट्ट करून डागावर थापली आणि वाळल्यावर पापड सोलावा तशी सोलली. लिंबू पिळून उन्हात पसरून झालं. शशीनं जखमा धुवायचं औषध चोरून आणलं. ते ओतताच डागावर पांढरा फेस फसफसून वर आला.

"सोडावॉटर!" शशी टाळी वाजवून ओरडली. "आता बघा, जातोच!"

फेस विरला. डाग फिकटला, गेला नाही. तपकिरीचा पिवळसर झाला, कडा तेवढ्या गडद राहिल्या.

मलाही कोणी तरी विचारलं, "तुमच्या पोथ्यांत आहे का काही?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पोथ्यांत वस्त्रं फार आहेत. ती धुताना कोणी दिसत नाही."

शनिवारी दुपारी शशीनं पातळ दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरलं आणि वातावरण हलकं करायला म्हणाली, "हा डाग नाही गं, नकाशा आहे! बघ, हे धुळे. इथून अशी वाट साक्रीला जाते, आणि या कोपऱ्यात पिंपळनेर."

कमल जवळ गेली. डागावरून बोट फिरवत म्हणाली, "बरं झालं. वाट पाठ करून ठेवते."

शशीनं पातळ खाली घेतलं.

*

त्याच दिवशी ऊन कलताना सखूबाई घरी निघाली. गाडी दाराशी जुंपलेली. मूल तिच्या नवऱ्याच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं, कारण लेकराला पहिलं वस्त्र जुनंच घालावं, नव्याला दृष्ट लागते, अशी आपली समजूत. निरोप घ्यायला ती अंगणात आली आणि दगडापाशी थबकली. कमल पुन्हा एकदा तेच पातळ चोळत होती.

"हाई काय करी राह्यनी, बहिन?"

"डाग काढतेय."

"कसाना?"

कमलनं मान वर न करता सांगितलं, "त्या दिवसाचा. तुमचाच."

सखूबाई मूल छातीशी सावरत खाली बसली. तिनं ते ओलं पातळ कमलच्या हातांखालून ओढून घेतलं, डाग शोधला, त्यावर तळहात ठेवला.

"रगत मनं शे," ती म्हणाली. "मना आंडोरना संगे उनं. तू काबर काढी राह्यनी?"

रक्त माझं आहे, माझ्या लेकासोबत आलं आहे. तू का काढते आहेस?

"हाई लुगडं माले दी दे. पोऱ्याले दुपटं शिवसू."

शशी पुढे झाली. "अहो बाई, उद्या तिला ते अक्कांना दाखवायचंय! नाही दाखवलं तर..."

कमलनं तिला हातानं थांबवलं. पातळ पिळलं, झटकलं, चौघडी केली. आणि सखूबाईच्या मोकळ्या हातावर ठेवलं.

गाडी गेली. शशी संतापून म्हणाली, "अगं, डाग असलेलं तरी दाखवलं असतंस! आता काय दाखवशील?"

कमल म्हणाली, "ती मागत होती गं."

रविवारी सकाळी अक्का तापातून उठल्या; रात्रीच ताईनं त्यांना सगळं सांगितलं होतं. अंगावर शाल, पाय अजून लटपटत. ताईनं खुर्ची पुढे केली ती त्यांनी नाकारली. आम्ही सगळ्या रांगेत ओट्यावर उभ्या. कमल एका बाजूला. तिची पेटी बांधून दाराशी ठेवलेली. निंबापासून भिंतीपर्यंत तार कोरी होती. तिच्यावरून ऊन घसरत होतं, एवढंच.

अक्कांनी आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही. पदरानं चष्मा पुसला, दोऱ्याची काडी कानामागे नीट बसवली आणि त्या निंबाच्या खोडापाशी गेल्या. तिथून एकेक पाऊल टाकत, मान किंचित वाकडी करून, त्यांनी तार वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबल्या, दोन बोटं पुढे करून काठ चिमटीत धरावा तशी धरली, उजेडाच्या बाजूला वळवून पाहिली, सोडली. पुढे गेल्या.

भिंतीपर्यंत पोचल्यावर अक्का वळल्या.

"बठ्ठं धवळं शे," त्या म्हणाल्या. "कमल, ये. घडी घालू."

कमल जागची हलेना. ताईनं तिला हळूच पुढे ढकललं. अक्कांनी तारेवरून दोन्ही हातांनी काही तरी उतरवलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं तिच्याकडे केलं. कमलनं ते धरलं. दोघी दूर गेल्या, ताण दिला, जवळ आल्या, टोकाला टोक जुळवलं. पुन्हा दूर, पुन्हा जवळ. शेवटी अक्कांनी घडी कमलच्या हातांवर ठेवली आणि वरून तळहात फिरवला.

"नीट ठेव. कायमच्या बाईचं पातळ आहे."

कमलनं ते दोन्ही हातांवर सावरून धरलं, दाराशी गेली, बांधलेली पेटी उघडली आणि आतले कपडे थोडे बाजूला सारून त्याला जागा केली.